कापडाखालची आई

दर रविवारी लेकीला आजीकडे सोडून दोन तास डिजिटल फोटोग्राफीचा क्लास करतेय. नोकरी आणि दीड वर्षाचं पोर सांभाळून मिळणारा वेळ तेवढाच! पहिला धडा शटर स्पीडचा. धावणारं मूल टिपायचं तर १/५०० सेकंद तरी हवा, असं सर म्हणाले.

तर मंडळी, १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. पुढे वेळ सेकंदांवर आला, पण तान्हं बाळ तेवढं तरी स्थिर बसतं होय? मग युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत आई अंगावर कापड घेऊन बसायची आणि बाळाला धरून ठेवायची. फोटो बाळाचा, आई जणू खुर्ची!

१९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं डिजिटल कॅमेरा बनवला. त्यातलं एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आता १/५०० साध्या मोबाईललाही जमतं. कापडाची गरज संपली.

गंमत म्हणजे आमच्या फोल्डरमध्ये लेकीचे शेकडो फोटो आहेत, आणि माझे जेमतेम चार. कापड गेलं, कॅमेरा आला, आई लपलेलीच! उद्या लेक मोठी होऊन मला त्यात शोधेल, तेव्हा?

असो. पुढच्या रविवारी सरांना सेल्फ टायमर शिकवायला सांगणार आहे. दहा सेकंदांत पळत जाऊन तिच्याशेजारी बसता येतं.