मगनवाडीचा जमाखर्च

जुन्नरी व दौलताबादी कागदाची पारख असणाऱ्या आमच्या वाचकांस वर्ध्याच्या मगनवाडीचें नांव अपरिचित नसावें. तेथील हातकागदाची ख्याति आहेच. परंतु त्या कागदाचा जमाखर्च कसा मांडावा याचाहि विचार तेथें झाला, हें फारसें लक्षांत घेतलें जात नाहीं.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्यें स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्यास पडलें. ज्या जिल्ह्यांतील हिंगणघाटचा कापूस पूर्वींच परदेशच्या पेठांत नांवाजला होता, तेथेंच हें कार्य सुरू व्हावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांस व्यापारशास्त्राचे शत्रु समजण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस साधार वाटत नाहीं. त्यांनीं हिशेबतपासणीची विद्या लंडनांत संपादिली होती. सिरॅक्यूज येथें व्यवसायव्यवस्थापनाचा आणि कोलंबिया विद्यापीठांत सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला होता. १९२९-३० मध्यें त्यांनीं गुजरातेंतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. पुढें मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९३९ चा आहे.

सारांश, त्यांचा आक्षेप हिशेबावर नसून अपुऱ्या हिशेबावर होता. १९४५ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं क्षणिक व चिरस्थायी असे अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार कल्पिले. कोळसा व खनिज तेल हे सांठे एकदां संपले कीं पुन्हां भरत नाहींत; वनस्पति व श्रम मात्र नित्य उत्पन्न होतात. पेढीच्या भाषेंत बोलावयाचें, तर पहिला खर्च मुद्दलांतला व दुसरा व्याजांतला. मुद्दल खाऊन दाखविलेल्या नफ्यास कोणताहि जाणता मुनीम नफा म्हणणार नाहीं. गिरणीचा कागद स्वस्त व हातकागद महाग, या आक्षेपासहि याच दिशेनें उत्तर मिळतें : बेकार झालेल्या कागद्याची उपासमार गिरणीच्या वहींत कोणत्याच खातीं पडत नाहीं. तथापि गिऱ्हाईक किंमत पाहूनच माल घेतें, ही अडचण या उत्तरानें फिटत नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. त्यामुळें त्या काळच्या साधनांस व उपकरणांस आश्रय मिळाला. परंतु केवळ उपकरणांवरून धंद्याचें पोट कसें भरे हें कळत नाहीं. तें रोजकीर्द व खतावणी सांगते. राजकीय पत्रें आपण जिवापाड जपतों, आणि वाण्याची, तेल्याची, कागद्याची वही रद्दींत जाऊं देतों. संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, जुन्या कागदाच्या मोहानें अशा वहींतील कोरीं पानें वेगळीं काढूं नयेत व वही जेथें सांपडली त्या गांवाचें नांव तिच्यावर टिपून ठेवावें. मोडलेली वही म्हणजे पुसलेला हिशेब. आणि तो पुन्हां मांडतां येत नाहीं.