‘हॅव’, ‘येश ली’ आणि ‘मला आहे’

पनवेलचे ‘बेथ एल’ सिनेगॉग १८४९ सालचे. ते बांधणारा बेने इस्रायल हा ज्यू समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आला होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरी मराठी, प्रार्थनेत हिब्रू आणि एकोणिसाव्या शतकात शाळा-नोकरीपायी इंग्रजी, अशा तीन भाषा या समाजात एकत्र आल्या. या भाषांची साधनेही त्याच सुमारास छापली गेली. जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ चे, कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हागादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत निघाली. १८७४ च्या पुण्याच्या शिळाछाप आवृत्तीत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

या तीन भाषांपैकी इंग्रजीतले अगदी साधे क्रियापद ‘हॅव’ मराठीत आणताना अडते, कारण मराठीला त्या अर्थाचे क्रियापदच नाही. भाऊ ‘मला’ असतो, पैसे ‘माझ्याजवळ’ असतात, भूक ‘लागते’, आणि ‘आय हॅव ईटन’चे ‘मी जेवलो आहे’ होते. स्पॅनिशमध्ये भाऊ, पैसे आणि भूक या तिन्हींना ‘तेनेर’ हे एकच क्रियापद पुरते. ‘जेवलो आहे’साठी मात्र ‘आबेर’ हे दुसरे लागते.

हिब्रूत मात्र मराठीसारखेच ‘हॅव’चे क्रियापद नाही. ‘येश ली आख’ याचा शब्दशः अर्थ ‘आहे मला भाऊ’. ‘एन ली आख’ म्हणजे ‘नाही मला भाऊ’. भूतकाळात हे साम्य आणखी खोल जाते. ‘हाया ली आख’, होता मला भाऊ. ‘हायता ली आखोत’, होती मला बहीण. दोन्ही भाषांत क्रियापद मालकाकडे पाहत नाही, नात्यातल्या माणसाचे लिंग घेते. इंग्रजी ‘हॅड’ भाऊ असो की बहीण, बदलत नाही. सातासमुद्रापलीकडची, वेगळ्या भाषाकुळातली हिब्रू या एका वाक्यात इंग्रजीपेक्षा मराठीच्या कितीतरी जवळ आहे, आणि ही जवळीक खरोखर विलक्षण आहे.

१९४८ नंतर कोकणातली बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. प्रार्थनेतली हिब्रू तिथे बाजारहाटाची भाषा झाली. तिथे ‘येश ली खोम’ थेट ‘मला ताप आहे’ होते. ‘येश ली केसेफ’ म्हणजे पैसे असणे. मराठीत मात्र पैशांसाठी ‘मला’ चालत नाही, ‘माझ्याजवळ’ किंवा ‘माझ्याकडे’च म्हणावे लागते.