चारमिनारच्या कमानीतलं अक्षर

पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या दक्षिणेला कोरपना आहे. निजामाच्या काळात हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता आणि नद्या ही हैदराबाद संस्थानाची हद्द होती. पलीकडे वणी-चांद्याच्या बाजारात इंग्रजांचा कलदार रुपया चाले, अलीकडे निजामाचा हाली. सरकारी दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. नदी ओलांडून व्यापार करणाऱ्याला हा हिशेब पाठच करावा लागे.

दोन्ही नाण्यांवरची सत्ता मात्र वेगवेगळ्या रूपात दिसे. कलदारावर राणीचा, पुढे राजाचा मुखवटा. १८७७ पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे सम्राज्ञीपदही आलं. निजामाच्या रुपयावर चेहरा नव्हता. १८५७ च्या उठावापर्यंत तर त्याची नाणी दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावानेच पडत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम मीर महबूब अली खान यांच्या रुपयावर चारमिनार उमटला.

चारमिनार निजामाच्या आसफजाही घराण्याने बांधलेला नव्हता. १५९१ मध्ये तो उभारला मुहम्मद कुली कुतुबशहाने. आसफजाही घराण्याने आधीच्या राजवटीची ही वास्तू आपल्या नाण्यावर घेतली आणि तिच्या मधल्या कमानीत आपलं अक्षर बसवलं: महबूब अलींच्या नाण्यावर ‘मीम’, त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली यांच्या नाण्यावर ‘ऐन’. राजधानी कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात चवली-पावलीबरोबर राजधानीची ही खूण येत राहिली.

रोमच्या सम्राटांनी हेच तंत्र फार आधी वापरलं होतं. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर व्हेस्पासियनने खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेल्या स्त्रीची नाणी पाडली. ज्यूडिया जिंकल्याचा मजकूर त्यांवर होता. रोममधल्या टायटसच्या कमानीवर याच विजयाची मिरवणूक कोरली आहे: सैनिक जेरुसलेमच्या मंदिरातली सात फाट्यांची दीपमाळ वाहून नेत आहेत. इ.स. ८० च्या सुमारास टायटसच्या नाण्यावर कोलोझियमही आलं. कमान पाहायला रोमला जावं लागे, नाणं मात्र शिपायाच्या पगारातून साम्राज्याच्या टोकापर्यंत पोचे.

कोरपन्याच्या आसपास दगडातली सत्ता निजामाहून जुनी आहे. गडचांदूरजवळच्या माणिकगडाच्या दरवाजावर नागाची आकृती आहे; हा किल्ला नागवंशी माना राजांचा मानला जातो. चांद्याच्या गोंड राजांनी आपल्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला. दरवाजावरचं चिन्ह येणाऱ्या-जाणाऱ्यापुरतं असतं, नाण्यावरचा चारमिनार मात्र जंगलातल्या वस्तीवरच्या आठवडी बाजारातही पोचला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, तरी हाली रुपया काही वर्षं भारतीय रुपयासोबत चालत राहिला. नव्या प्रजासत्ताकाने १९५० मध्ये राजाचा मुखवटा काढून सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंह नाण्यावर आणले. खूण पुन्हा जुन्याच राजवटीची होती, पण या वेळी तिच्यात कुणा राज्यकर्त्याचं अक्षर नव्हतं. १९५६ मध्ये राजुरा तालुका मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. कोरपना तालुका पुढे त्यातूनच वेगळा झाला.