लेकीच्या वंशाने पटविलेली राजाची ओळख

कुलवृत्तान्त सिद्ध करण्याचा विषय ज्ञातीच्या बैठकीत निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. जुन्या वंशावळी उकरून आज काय साधावयाचे, हा पहिला; आणि वंशावळीत मुलींची नावे कशाला, त्या तर दुसऱ्या घरच्या झाल्या, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासातील एका अलीकडील शोधात मिळते. म्हणून तो वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड हा इ. स. १४८३ मध्ये गादीवर आला आणि अवघ्या दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. त्या वेळी त्याचे वय ३२ वर्षांचे होते. त्याला जिंकणारा हेन्री ट्यूडर हा सातवा हेन्री म्हणून राज्य करू लागला. रिचर्डचे शव लेस्टर नगरात आणून लोकांस दाखविण्यात आले व नंतर तेथील फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या मठातील देवळात घाईघाईने पुरण्यात आले. पुढे १५३८ मध्ये तो मठ मोडला, देऊळ पडले आणि थडग्याची खूणही नाहीशी झाली. लोकांनी राजाच्या अस्थी उकरून सोअर नदीत फेकल्या, अशी दंतकथा मागे उरली. शेक्सपिअरच्या नाटकाने त्याचे कुबड आणि त्याचे क्रौर्य जगभर नेले. पण त्या राजाचा देह कोठे विसावला आहे, हे सुमारे पाच शतके कोणास सांगता आले नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये फिलिपा लँगली या बाईंच्या चिकाटीमुळे लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी त्या मठाच्या जागी उत्खनन आरंभिले. ती जागा आता मोटारी उभ्या करण्याचे आवार झाली होती. पहिल्याच दिवशी एका मानवी सांगाड्याचे पाय दिसले. पुढे पूर्ण सांगाडा उघडा झाला तेव्हा तो पुरुषाचा असून त्याचा कणा एका बाजूस वाकलेला आहे, कवटीवर शस्त्रांचे अनेक घाव आहेत, खड्डा देहास अपुरा पडला आहे आणि शवपेटीचा मागमूस नाही, असे आढळले. काळही जुळत होता. तथापि वाकलेल्या कण्याचा आणि लढाईत पडलेला पुरुष हाच राजा, असे म्हणणे हा तर्क झाला, पुरावा नव्हे. तर्काचा पुरावा होण्यास रक्ताच्या नात्याची साक्ष हवी होती. आणि ती साक्ष कोणाकडे मागावयाची हे वंशावळीवाचून कळणे शक्य नव्हते.

येथे शरीरशास्त्रातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. माणसाच्या पेशींत वारशाचे दोन धागे असे आहेत की, ते फारसा बदल न होता पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. वाय हे गुणसूत्र बापाकडून मुलास मिळते. म्हणजे तो पुरुषपरंपरेचा धागा होय. पेशींतील तंतुकणिकांमधील डी. एन. ए. मात्र आईकडून सर्व अपत्यांस मिळतो, आणि पुढे केवळ मुलीच तो आपल्या अपत्यांस देतात. रिचर्डचा एकुलता औरस पुत्र बालपणीच वारला होता. तेव्हा त्याच्या दोन्ही धाग्यांचा माग काढावयाचा तर भाऊबंदांच्या अथवा बहिणींच्या वंशाकडे वळणे प्राप्त होते.

बहिणीच्या वंशाचा माग इतिहाससंशोधक जॉन अ‍ॅशडाउन-हिल यांनी उत्खननाच्या कित्येक वर्षे आधीच काढून ठेवला होता, आणि तोही निराळ्या कामासाठी. रिचर्डची एक बहीण मार्गारेट ही बर्गंडीच्या ड्यूकला दिलेली. बेल्जममधील मेखेलेन येथे सापडलेल्या काही अस्थी तिच्या आहेत काय, असा प्रश्न निघाला असता त्यांनी थोरली बहीण अ‍ॅन हिच्या लेकीची लेक, तिची लेक, असा शोध घेत घेत कॅनडात राहणाऱ्या एका वृद्ध स्त्रीपर्यंत मजल मारली. त्या अस्थी मार्गारेटच्या ठरल्या नाहीत. पण वंशावळ तयार राहिली. २०१२ साली ती वृद्धा हयात नव्हती. तिचा मुलगा मात्र लंडनमध्ये लाकडी सामान घडविण्याचा व्यवसाय करीत होता. शास्त्रज्ञांनी त्याचे नमुने घेतले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पुरुषाच्या वंशात आडनाव हा एक दोरा हाती राहतो. स्त्रीवंशात दर पिढीस आडनाव पालटते, गाव पालटते आणि माणूस जणू दुसऱ्या चोपडीत निघून जातो. लेस्टरचे प्राध्यापक केविन शुरर यांनी साखळीची प्रत्येक कडी चर्चमधील जन्म-विवाहांच्या नोंदी, मृत्युपत्रे, खानेसुमारीचे कागद यांवरून पुन्हा तपासली. शिवाय अ‍ॅनच्या नातीच्या दुसऱ्या मुलीपासून निघालेली एक स्वतंत्र शाखा शोधून तिच्यातील एका हयात स्त्रीचाही पत्ता लावला. टुरी किंग या विदुषींनी सांगाड्याच्या डी. एन. ए.शी दोघांचा ताडून पाहिला. तो प्रकार अत्यंत दुर्मिळ होता. सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाशी तो पूर्णपणे जुळला आणि त्या स्त्रीशी केवळ एका अक्षराचा फरक निघाला. इतक्या पिढ्यांत तेवढा फरक पडणे स्वाभाविक होते. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी ओळख जाहीर झाली. डिसेंबर २०१४ मध्ये सर्व पुराव्यांचे गणित मांडून ती ९९.९९९ टक्क्यांहून अधिक निश्चित असल्याचे प्रसिद्ध झाले.

आता दुसऱ्या धाग्याची कथा ऐकावी. रिचर्ड हा तिसऱ्या एडवर्ड राजाच्या एका मुलाच्या वंशातला, आणि बोफर्टचे ड्यूक असलेले सॉमरसेट घराणे दुसऱ्या मुलाच्या वंशातले. सरदारांची ही वंशावळ शतकानुशतके छापली गेलेली, राजमान्य आणि सर्वतोमुखी. पाचव्या ड्यूकच्या पाच हयात पुरुष वंशजांची परीक्षा झाली. त्यांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळले नाही. इतकेच नव्हे, तर पाचांतील एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. कागदावरील बाप आणि रक्ताचा बाप कोठेतरी, किमान दोन ठिकाणी, निराळा होता. रिचर्ड आणि बोफर्ट यांच्यामधली खंड नेमकी कोणत्या पिढीत पडली, हे या परीक्षेवरून ठरत नाही. यातून कोणाची निंदा करावी असे मुळीच नाही. इतक्या दीर्घ साखळीत अशी एखादी कडी निखळणे अपेक्षितच असल्याचे स्वतः शास्त्रज्ञांनी म्हटले आहे.

या दोन्ही निकालांचा अर्थ एकत्र लावला म्हणजे त्यातील बोध ध्यानी येतो. ज्या पुरुषपरंपरेचा अभिमान धरला गेला, जिच्यावर राजपदाचे हक्क सांगितले गेले, ती साक्ष देताना अडखळली. जिच्याकडे गादी नाही, आडनाव नाही, अशा लेकींच्या परंपरेने राजाला नाव परत दिले. त्यातही काळाची निकड होतीच. पुरुषाकडून हा वारसा पुढे जात नसल्याने त्या गृहस्थाच्या अपत्यांकडून ही साक्ष मिळालीच नसती.

आता आपल्याकडे पाहू. वंशावळीच्या साधनांत आपण दरिद्री नाही. त्र्यंबकेश्वर, काशी इत्यादी क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाच्या तंट्यांत सादर झालेले करिने व महजर, मोडीतील घरगुती दप्तरे, आणि विसाव्या शतकात अनेक कुलांनी परिश्रमपूर्वक छापलेले कुलवृत्तान्त ही आपली पुंजी होय. तथापि कोणतीही जुनी वंशावळ उघडून पाहावी. मुलगे, नातू, दत्तक यांची नावे ओळीने मांडलेली दिसतात आणि मुलींच्या जागी पुष्कळदा नुसता ‘कन्या २’ एवढाच आकडा असतो, किंवा तोही नसतो. सून घरात येते ती सासरच्या नावाने. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रूढी असल्यामुळे आडनाव आणि गाव यांच्या जोडीला तिचे स्वतःचे नावही हरवते. इंग्लंडातील संशोधकांस निदान तेवढा तरी आधार होता. आपल्या पणजीच्या आईचे माहेरचे नाव किती जणांस सांगता येईल, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे. प्रस्तुत लेखकास ते सांगता येत नाही, हे कबूल करताना खेद होतो.

यास्तव ज्ञातीतील कुलवृत्तान्त सिद्ध करणाऱ्यांस नम्र सूचना अशी की, प्रत्येक कन्येचे जन्मनाव, सासरचे नाव, पतीचे कुल, गाव आणि तिची अपत्ये यांची नोंद मुलाच्या नोंदीइतक्याच जागेत व्हावी. प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिच्या माहेरचे नाव व आईचे नाव लिहावे. घरातील वृद्ध स्त्रियांकडे ही माहिती आज आहे. त्यांच्यामागे ती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये रिचर्ड राजाचे सन्मानपूर्वक दफन झाले. ओकच्या ज्या शवपेटीत त्याच्या अस्थी ठेवल्या, ती घडविली होती त्याच्या बहिणीच्या लेकींच्या वंशातील त्याच लाकूडकाम करणाऱ्या गृहस्थाने. राजाला १४८५ साली शवपेटी मिळाली नव्हती. ती पाच शतकांनंतर त्याच्या भाच्यांच्या वंशाने दिली.