सीमेची रेषा आणि कामाचा हक्क

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील जुना बीदर जिल्हा विभागला गेला. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. शिवार, ज्वारी-तुरीची पिके आणि मराठी घरांतील सोयरिकी दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, मात्र मजुराचे हक्क वेगळे झाले. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा, म्हणजे काम मागणाऱ्याला गावाजवळच काम देण्याचे बंधन शासनावर घालणारा, कायदा १९७७ साली केला. त्यामुळे निलंग्याच्या मजुराला जो हक्क मिळाला, तो सीमेपलीकडील भालकीच्या मजुराला २००६ साली केंद्राची रोजगार हमी योजना पहिल्या टप्प्यात बीदर व गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) येथे येईपर्यंत मिळाला नाही, आणि ही तफावत अन्यायाचीच म्हणावी लागते. बीदरची लोकसंख्या २०११ साली १७ लाखांवर गेली, तरी कोरडवाहू शेतीत काम पेरणी, खुरपणी आणि काढणीपुरतेच असल्याने उरलेल्या महिन्यांत तरुणांना हैदराबाद, पुणे, मुंबई गाठावी लागते. घटनेच्या ३७१(ञ) या अनुच्छेदाने बीदर-गुलबर्गा भागातील स्थानिकांना शासकीय नोकऱ्यांत व शिक्षणात राखीव जागा दिल्या. पण शेतमजुराच्या रिकाम्या महिन्यांपर्यंत तो पोहोचत नाही.