उत्क्रांतीचा धडा आणि जन्माची गोष्ट

उत्क्रांतीचा वाद म्हटला की अमेरिकेचे नाव निघते. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. पुढे 'इंटेलिजन्ट डिझाइन'चा दावा आला. सजीवांची गुंतागुंत कुणा बुद्धिमान कर्त्याशिवाय घडूच शकत नाही, असे तो सांगतो. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात न्यायालयाने हे विज्ञान नाही, ते वर्गात शिकवता येणार नाही, असा निकाल दिला.

हा वाद महाराष्ट्रातही झाला आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून अभ्यासक्रमातून बदलायला हवा, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. (व्हॉट्सॲपवर तो आजही फिरतो. माणूस आणि आजची माकडे यांचे पूर्वज एक होते, असे विज्ञान म्हणते. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे कुणीच म्हटलेले नाही.) देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून निषेध केला.

२०२३ मध्ये मात्र धडा खरोखरच गेला. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' झाले. कारण दिले कोरोनाकाळातील अभ्यासाचा भार. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी विरोधाचे पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात डार्विन आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण?

आम्ही पनवेल परिसरातील मुलांसोबत काम करतो. दहावीनंतर आयटीआय, कला, वाणिज्याकडे जाणाऱ्या मुलाला उत्क्रांती पुन्हा भेटत नाही. राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. अवशेषांगे, जीवाश्म, मानवी उत्क्रांती, सारे त्यात आहे. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन मुलांपैकी एकाला माणसाचा इतिहास शिकवला जातो, दुसऱ्याला नाही.

आपल्या समाजाला याचे काय? बरेच काही. मनुस्मृतीचा पहिला अध्याय सृष्टीच्या उत्पत्तीचाच आहे. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांतून चार वर्ण निघाल्याचे तिथेच सांगितले आहे. विषमतेचा सारा डोलारा या जन्मकथेवर उभा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली ती आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाडला. आणि मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक आला, तेव्हा आंदोलनही महाडलाच झाले.

तथागतांनी ही जन्मकथा फार आधी नाकारली. अग्गञ्ञ सुत्तात ते वासेट्ठाला सांगतात की ब्राह्मण स्त्रियाही गर्भवती होतात, प्रसूत होतात. मग ब्रह्माच्या मुखातून जन्म कसला? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात गवत, कीटक, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळी लक्षणे दिसतात, माणसामाणसांत ती दिसत नाहीत, असे म्हटले आहे.

मात्र 'बुद्धाने डार्विनच्या आधीच उत्क्रांती सांगितली' असे काही मित्र लिहितात, ते आम्हाला मान्य नाही. जीवाश्मांचा आणि जनुकांचा पुरावा सुत्तांत शोधणे म्हणजे पुराणात विमाने शोधण्यासारखेच. निर्मात्याशिवाय, कार्यकारणाने जग समजून घ्यायचे, एवढे नाते दोहोंत आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कलम ५१अ (ह) वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवते. निवेदने देताना ही दोन्ही कलमे लिहावीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पुस्तकेही टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीचे नवे पुस्तक येईल तेव्हा पहिल्याच दिवशी अनुक्रमणिका पाहावी. तोपर्यंत बालभारतीचा तो पाठ संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतो. विहारातील रविवारच्या वर्गात सीबीएसईच्या मुलांना तो वाचून दाखवायला दोन तास पुरतात.