तबकडीच्या दप्तराची कुळकथा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील छापखाने, सायबर कॅफे आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या यांना या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने जेरीस आणले असता, वीज परतल्यावर विंडोज ९८ चा संगणक प्रथम निळ्या पडद्यावर 'स्कॅनडिस्क'ची तपासणी चालवी, आणि ती संपेपर्यंत मालक व गिऱ्हाईक दोघांनाही तिष्ठत बसावे लागे.

वीज गेल्याने तबकडीवरील (हार्ड डिस्कवरील) फाइलींचे दप्तर, म्हणजे फाइल सिस्टिम, का बिघडावे, याचे कारण त्याच्या मांडणीतच आहे. फाइलीचा मजकूर एके ठिकाणी, तिचे नाव दुसऱ्या, मजकुराच्या जागांची नोंद तिसऱ्या आणि मोकळ्या जागांचा हिशेब चौथ्या ठिकाणी असल्यामुळे, एक फाइल जतन करताना अनेक नोंदींत फेरफार करावे लागतात. ते अर्धवट राहिले की एकच जागा दोन फाइलींच्या नावे लागते, किंवा कोणाच्याच नावे राहत नाही.

असे घोळ शोधण्यासाठी बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत जागांचा ताळा 'आयचेक' आणि नावांचा ताळा 'डीचेक' असे दोन निरनिराळे तपासनीस पाहत. दुरुस्ती बहुतांशी जाणकाराच्या हातीच असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टी. जे. कोवाल्स्की यांनी हे काम 'एफएससीके' या एकाच प्रोग्रामकडे सोपवले, बर्कली येथे मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी तो नव्या मांडणीस जुळवून घेतला, आणि पाच टप्प्यांची तपासणी रूढ झाली. मूळ निर्देशिका हरवलेल्या फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' नामक कोठडीत, नावाऐवजी क्रमांकाने, जमा होऊ लागल्या. डॉस या निराळ्या शाखेत १९८१ सालापासून 'चेकडिस्क' होता. 'स्कॅनडिस्क' त्याच शाखेत १९९३ साली आला.

तबकड्या मोठ्या होत गेल्या, तशी साऱ्या दप्तराची झडती तासन्‌तास चालू लागली. तेव्हा पेढीवरचा मुनीम जसा खतावणीपूर्वी रोजकीर्द लिहितो, तसा दप्तरातील फेरफार प्रथम वेगळ्या नोंदवहीत टिपण्याची रीत विंडोजच्या एनटीएफएसने १९९३ साली आणि लिनक्सच्या ईएक्सटी३ ने २००१ साली स्वीकारली. वीज गेली तरी शेवटच्या काही नोंदी पुऱ्या वा रद्द केल्या की बहुधा काम भागू लागले.

या सर्व पिढ्यांनी जपली ती नोंदींची परस्परसंगती. मजकूर शाबूत असल्याची हमी त्यांपैकी सहसा कोणी घेतली नाही, उलट ताळा जुळवण्यासाठी प्रसंगी फाइलीचाच बळी दिला. म्हणूनच मोलाची तबकडी हाती आली की जाणता दुरुस्तीकार प्रथम सेक्टर-सेक्टर उतरवून तिची पूर्ण प्रत घेतो, आणि तपासनिसाला त्या प्रतीवरच मोकळीक देतो.